दगड दुपारी विचार

भिसेगाव
माघ वद्य ५, शके १८०८

येसाजी,

आशीर्वाद धाडला आहे. नको असेल तर परत कर. एवढा लांबचा प्रवास करून आलेला आशीर्वाद इथं कुणाला तरी लागू पडेलच.

आईच्या नावानं लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. या घरात अक्षर वाचणारा मी एकटा, हे तू विसरलास की ध्यानात ठेवून लिहिलंस, ते तुझं तुला ठाऊक. शेवटची ओळ मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली : 'यातलं काही दादाला सांगू नये.' आई चुलीपुढं होती. म्हणाली, "नाय सांगत रं बाबा. तू पुढं वाच." तुझी वहिनी भागू एवढी हसली की परातीतलं पीठ तिच्या लुगड्यावर.

तेव्हा मला काही ठाऊक नाही असं धरून लिहितो.

आईनं तुला विचारलं होतं, तुझा डोंगर कसा हाय? तू शब्द न लिहिता डोंगराचा तुकडाच बांधून पाठवलास. आईनं तो तुळशीपाशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं. ती वळली तसा मी उचलला आणि हातोडीनं ठोकला. सवय. घाटातून रेल्वे चढवली तेव्हा मला मिसरूड नव्हतं. गवंड्यांना पहारी पोचवता पोचवता दगडाचा आवाज कानात बसला, आणि आज चौकपासून पळसदरीपर्यंत माझ्या खडीच्या गाड्या चालतात त्या त्याच कानावर. तो कान सांगतो, तुझा दगड बद्द आहे. नुसता 'थप्' करतो. चांदीच्या वर्खासारखा चकाकतो, नखानं पान सुटतं, पानाखाली पान. दगड आहे की पोथी?

आपला डोंगर म्हणजे भाकऱ्यांची चवड. राजमाचीकडं तोंड करून उभं राहावं, थरावर थर, सगळे निजलेले. मधेच लाल मातीचा पट्टा, जशी भाकरीवर चटणी फासली. वर माथा सपाट. कुठल्याही थराला हातोडी लावा, काळा कातळ आपलं नाव सांगतो. आणि तू लिहितोस, तुझ्याकडं थर उभे आहेत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटांसारखे. माथी करवतीच्या दातांसारखी, त्यांवर बर्फ, आणि त्या उभ्या पाटांच्या पोटातून, खाली सतलज खळखळते आहे, तिच्यावर तुम्ही खेचरांची वाट कापता आहात. सिमल्याच्या पलीकडं असा डोंगर असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला ताडी किती घेतलीस म्हणून विचारलं असतं.

मला एवढंच कळव. मला नको, आईला कळव. पाट कुठं झुकले आहेत, नदीकडं की डोंगराकडं? नदीकडं झुकले असतील तर खालचा पाय कापलात की वरचा पाट घसरलाच. हे सांगायला कान लागत नाही.

तू म्हणशील, हा पुन्हा आला शिकवायला. नऊ वर्षांपूर्वी पळसदरीच्या वर, रुळांवर झुकलेल्या त्या धोंड्याला मी कच्चा, आज ना उद्या पडणारा म्हटलं, तू पक्का म्हटलंस, आणि सगळ्या टोळीदेखत मी तुझ्या हातातली पहार काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तू उत्तरेची गाडी धरलीस. तर ऐक, धोंडा अजून जागच्या जागी आहे. लोकांनी त्याला 'कोंडाजीचा धोंडा' असं नाव पाडलं आहे. कुणाचा जावई येतो येतो म्हणून येत नसला की कर्जतच्या बाजारात विचारतात, "काय, कोंडाजीचा धोंडा झाला काय?" मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलतात. पण मला सगळंच ऐकू येतं, हेच तर माझं दुखणं.

पाट कुठं झुकले आहेत ते कळव.

कोंडाजी


चौक
चैत्र शुद्ध ८, शके १८०९

येसाजी,

खडीच्या गाड्या घेऊन इथं आलो आहे. बैल सोडले आहेत, गाडीवान झाडाखाली घोरतो आहे, आणि मला बसवत नाही म्हणून लिहितो. चार दिवसांपूर्वी तुझं उत्तर आलं. आईला. 'ज्यानं कुणी विचारलं असेल त्याला सांगावं, पाट डोंगराकडं झुकले आहेत.' वाचून मी एवढा मोठा श्वास सोडला की आईनं विचारलं, "काय म्हंतो?" मी म्हटलं, डोंगर बरा आहे म्हणतो. ती म्हणाली, "त्याचं विचार रं, डोंगराचं काय घेऊन बसलास!"

या वेळचा दगड घरात गाजला. काळसर, गुळगुळीत, आणि त्याच्या पोटात शिंपला. आईचं माहेर पनवेलकडचं, खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले वेचत वाढलेली, तिनं हातात घेतला, उलटापालटा केला, म्हणाली, "ही तिसरी हाय." मी म्हटलं, आई, हे माथेरानच्या पाचपट उंचीवर सापडलंय. "आसंल. पन येवढ्या वर तिसऱ्या घेऊन कोन गेली? आनि गेली ती परत आली का नाय?"

तू लिहितोस, तुझा ओव्हरसियर म्हणतो की हा सगळा एके काळी समुद्राचा तळ होता, दोन बाजूंनी रेटा बसला आणि तळाला घड्या पडून तो वर आला. कड्यावर त्या घड्या दिसतात म्हणे, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या, दगडाच्या. हे वाचल्यापासून माझं डोकं जाग्यावर नाही. काल पाताळगंगेत पाय धुताना वाटलं, या तळाला कुणी रेटा दिला तर? दगड म्हणजे एका जागी राहणारी वस्तू, या हिशेबावर मी प्रपंच उभा केला. आणि तू तिथून लिहितोस की दगड उठतो, वाकतो, दुमडतो. वर आणि बर्फाची नदी. घळीत बर्फ साचत जातो, त्याची नदी होते, ती चालते पण चालताना दिसत नाही, आणि पोटाखाली धोंडे दळत येते. तू त्यातलाही एक खडा पाठवला आहेस, एका अंगानं जात्याच्या पाळीसारखा घासलेला, सरळ ओरखडे. तो मी खिशात ठेवला आहे. खडीची बोलणी करताना अंगठा त्यावर फिरतो.

आणि ती ओळ. 'रोज पहाटे, पाखरं जागी व्हायच्या आत, कडा ठोकून पाहतो. घंटेसारखा वाजतो. हा नियम ज्यानं शिकवला त्याला सांगू नये.'

सांगितलं नाही कुणी. पण ज्यानं शिकवला तो त्या दिवशी दोन घास जास्त जेवला. दगडाला पहाटे विचारावं. वारा नसतो, माणसांचा कालवा नसतो, कान धुतलेला असतो, दगड खोटं बोलू शकत नाही. हे मी तुला आंबिवलीच्या खाणीत शिकवलं, तेव्हा तू थंडीनं कुडकुडत होतास आणि मला शिव्या देत होतास. मला ऐकू येत होत्या.

पण एक गोष्ट कानात अडकली आहे. तू सहज लिहून गेलास. तुमच्या वाटेवर एक मोठी शिळा छज्ज्यासारखी पुढं आली आहे, वैशाखी पौर्णिमेनंतर टोळी तिच्या खाली कापायला लागणार. आणि 'दुपारी जेवायला बसलो की वरून बारीक खडे पडतात, जसं कुणी वर बसून हरभरे सोलतंय. आम्ही डोक्यावर घमेली घेऊन जेवतो.'

खडे दुपारी का पडतात?

आपल्याकडं दरड पडते ती पावसाळ्यात. पाणी मुरतं, माती सुटते, धोंडा येतो. तुझ्याकडं आभाळ निरभ्र, ऊन स्वच्छ म्हणतोस. मग दुपारी कोण हरभरे सोलतं?

त्या छज्ज्याचा तुकडा पाठव. त्याचाच, आजूबाजूचा नको. चीर असेल तिथला फोड. आईला हवा आहे. तिला ठाऊक नाही, पण हवा आहे.

कोंडाजी


कुंभिवलीची खाण
वैशाख शुद्ध ६

येसाजी,

तुकडा पोचला. लोकरीत गुंडाळलास, दोरी बांधलीस, तुझ्या गाठी ओळखल्या. आई गाठी सोडू देत नव्हती.

ठोकला. बद्द. पुन्हा ठोकला. फुटक्या मडक्यासारखा. आरपार दोन चिरा, बोटांनी दाबलं तर एक कपची हातात आली. येसाजी, हा दगड घंटेसारखा वाजत नाही. हा दगड मेलेला आहे.

मग तू पहाटे काय ऐकतोस?

तीन गोष्टी होऊ शकतात. एक, तू दुसराच तुकडा पाठवलास. तू तसा नाहीस. दोन, तुझा कान गेला. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी कधी बोललो नाही, आता लिहितो आहे. तीन, माझा गेला. म्हणून काल तुकडा घेऊन इथं खाणीवर आलो. टोळीचा पुढारी धोंडी, त्याच्यासमोर ठोकला.

"कसा वाजतो?"

"वाजत नाय, मुकादम. खोकतो."

"हाच दगड डोंगरात घंटेसारखा वाजतो असं येसाजी म्हणतो."

धोंडीनं तुकडा हातात घेऊन फिरवला. मग म्हणाला, "मंग त्याचा कान तरी धुवा न्हायतर तुमचा तरी. पन पळसदरीचा धोंडा ध्यानात ठिवून बोला." बाकीचे पाठ करून हसले. पाठीचा काय उपयोग, हसू मागूनही ऐकू येतं.

रात्री घरी भागूला सांगितलं. ती मडकी उतरंडीला लावत होती. न वळताच म्हणाली, "त्यात काय! गेल्या बाजारी कुंभारानं मला फुटकं मडकं दिलं. चीर राळेनं बुजवलेली. बाजारात ठणठण वाजत होतं. घरी चुलीवर ठेवलं, राळ वितळली, पाणी चुलीत." मग म्हणाली, "दोन भावांमध्ये बोलणारा एक दगड, तोही दोन ठिकाणी दोन बोलतो. तुमच्याच घराण्यातला दिसतो."

राळ. पहाटेपासून तोच शब्द डोक्यात फिरतो आहे. तुझ्या डोंगराला राळ कुणी लावली?

पौर्णिमा जवळ आली. तू टोळी खाली लावू नकोस. का, ते मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून तू ऐकणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. गेल्या वेळी मी कारण सांगितलं होतं आणि तेही खोटं ठरलं.

कोंडाजी


कर्जत स्टेशन
वैशाख शुद्ध ११

येसाजी,

हे पत्र तुला उशिरा मिळेल. त्याआधी माझी तार मिळावी, म्हणून आईनं मानलेल्या सगळ्या देवांना सांगून झालं आहे. तारेत जे मावलं नाही ते इथं लिहितो.

सकाळी नेरळला गेलो होतो. का गेलो ते मला माहीत नाही, घरात पाय टिकत नव्हता. तिथं हिरू भेटला. हिरू आठवतो ना, आपल्याबरोबर खाणीत होता तो? आता माथेरानच्या हॉटेलासाठी बर्फ वाहतो. मुंबईहून पेट्या येतात, भुशात घातलेला बर्फ, तो गोणपाटात गुंडाळून पाठीवर घेऊन चढतो. "निम्मा सायबाला, निम्मा माझ्या पाठीला," म्हणतो. "वैशाखात माझ्यावानी गार मानूस साऱ्या तालुक्यात नाय."

तो एक गोणपाट ओढत होता आणि ते सुटत नव्हतं. पाण्यानं भिजलेलं, लादीला चिकटून गोठलेलं. दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावला. "बग ना, कसं दातानं धरलंय!" म्हणाला. मग त्यानं ते उन्हात सरकवलं आणि दुसरीकडं काही बोलायला लागला. जरा वेळानं गोणपाट आपसूक गळून पडलं.

येसाजी, मी तिथंच पेटीवर बसलो. हिरू म्हणाला, "बस, बस, मुकादम, पन फार येळ नको. खाली बर्फ हाय."

त्याच्याकडून लादीचा कोपरा मागून घेतला. "खायाला?" "नाही, दगडाला." "दगडाला?" "त्याला ताप आलाय." हिरूनं मला तोंडभर हसून घेतलं आणि मग कामाचं सांगितलं. हॉटेलातला खानसामा मलई गोठवताना बर्फात मीठ घालतो, नुसत्या बर्फापेक्षा गार होतं. मीठही त्यानंच दिलं.

घरी आणलं. तुझ्या छज्ज्याचा तुकडा पाण्यात बुडवला, चिरा पाणी प्यायल्या. बर्फ आणि मिठात पुरला, वर भुसा, वर गोधडी. आईची गोधडी. ती म्हणाली, "त्या दगडाला गोधडी कशाला रं?" मी म्हटलं, थंडी वाजते त्याला. तिनं पुढं विचारलं नाही. ती पुढं विचारत नाही तेव्हा मला भीती वाटते.

गोठल्यावर काढला. पांढरी वाफ येत होती. ठोकला.

वाजला. भिंतीपलीकडं भागूनं ऐकला आणि ती कणकेच्या हातानं बाहेर आली. अगदी खणखणीत नाही, पण मेलेला दगड बोलला. चिरा असून बोलला. मग मी तो उन्हात, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. बघत राहिलो. कडेनं पाणी आलं. ठोकला. थप्.

आता तुला सांगायला नको. पहाटे तुझा कडा ठणठणतो तो दगडाच्या बळावर नाही, बर्फाच्या. रात्री चिरांतलं पाणी गोठतं, आणि नुसतं धरून ठेवत नाही. गोठताना ते फुगतं, हिरूची एक बाटली तशीच फुटली म्हणतो. म्हणजे रोज रात्री ते चीर रुंद करतं आणि रोज सकाळी तीच चीर लपवतं. दुपारी ऊन आलं की राळ वितळली. हरभरे कोण सोलतं ते कळलं.

आणि तुला पहाटे ठोकायला मी शिकवलं.

आपल्या डोंगरात तो नियम खरा होता. आपल्याकडं पाणी कधी दगड होत नाही, म्हणून दगड कधी खोटं बोलत नाही. मला वाटलं, नियम दगडाचा आहे. तो कर्जतचा निघाला.

स्टेशनात आलो. तारबाबू नवा आहे, मुंबईचा, चष्मेवाला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. आशीर्वाद, आईची खुशाली, बर्फ, मीठ, गोणपाट. त्यानं लेखणी ठेवली. "मुकादम, तार आहे, कीर्तन नाही. थोडक्यात सांगा." मग आम्ही दोघांनी छाटायला घेतलं. आशीर्वाद काढला. आई काढली. बर्फ, गोणपाट, हिरू काढला. राहिलं एवढं : 'माझा नियम खोटा. दगड दुपारी विचार.'

तो म्हणाला, "'माझा' कशाला हवं? 'नियम खोटा' पुरे. त्यांना कळेल कुणाचा."

मी म्हटलं, "बाबू, बाकीचं सगळं काढ. तो शब्द ठेव."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कळ दाबायला लागला. टिक, टिक. मी त्यातला माझा शब्द कुठं गेला ते ऐकायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा काही कळलं नाही.

सिमल्यापर्यंत तार, पुढं हरकारे. पळत असतील ना रे ते?

कोंडाजी


भिसेगाव
वैशाख वद्य ३

येसाजी,

पौर्णिमा झाली. उत्तर नाही.

स्टेशनात जातो, येतो. तारबाबू मला लांबूनच बघून मान हलवतो, नाही म्हणून. घाटात चढायच्या गाडीला मागून दुसरं इंजिन लावतात तेव्हा सांधा बसल्याचा जो आवाज होतो तो मला लहानपणापासून आवडतो. काल तो ऐकून मी कान झाकले. रात्रभर... जाऊ दे.

आईला काही सांगितलेलं नाही. पण आज सकाळी पाहिलं, तुझे सगळे दगड तिनं तुळशीपासून उचलून ओटीवर आत, सावलीत ठेवलेत. मी विचारलं, का गं? म्हणाली, "दुपारचं ऊन वंगाळ आसतं." आणि तुकडे पदरानं पुसत बसली. मी तिच्या पाठीमागं उभा राहिलो. कानाचा गुण मला तिच्याकडूनच आला, हे मी विसरलो होतो.

बोचकं बांधून ठेवलं आहे. परवाच्या गाडीनं निघतो. कुठं उतरायचं, कुठून चढायचं, काही ठाऊक नाही. बर्फ म्हणजे हिरूच्या पेटीतला, यापलीकडं मी पाहिलेला नाही. पण हातोडी घेतली आहे. दुपारी पोचेन असं बघतो.

कोंडाजी


भिसेगाव
ज्येष्ठ शुद्ध ४

येसाजी,

तुझी तार आली त्या दिवशी तारबाबू स्टेशनातून धावत आमच्या घरी आला. चष्मा हातात, धोतर काट्यांनी फाटलेलं. ओटीवर उभा राहून त्यानं वाचली, पहिल्यांदा त्याच्या इंग्रजीत, मग मराठीत : 'दुपारी विचारला. बोलला नाही. माणसं खाली आणली.'

भागूनं त्याला गूळपाणी दिलं. आई म्हणाली, "पुना वाच." त्यानं पुन्हा वाचली. "पुना." चौथ्यांदा त्याला कागद बघावा लागला नाही. आई मग उठली आणि तुझे दगड परत तुळशीपाशी उन्हात नेऊन मांडले. बोचकं भागूनं सोडलं. हातोडी काढताना म्हणाली, "बरं झालं गेला नाहीत. तुम्ही तिथं जाऊन सगळा डोंगर कच्चा ठरवला असता."

आणि परवा तुझं पत्र. वर माझं नाव. मी ते आईला वाचून दाखवण्याआधी दोनदा एकट्यानं वाचलं, बाहेर गोठ्यापाशी. 'दादा' हा शब्द तू अजून तसाच लिहितोस, काना लांब ओढून.

छज्जा गेला म्हणतोस. तार मिळाल्यावर तिसऱ्या दुपारी, टोळी नदीकाठी जेवत असताना, निरभ्र आभाळाखाली. आधी हरभरे, मग एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज, मग सगळी शिळा एकदम खाली. सतलज थोडा वेळ गप्प झाली आणि मग धूळ. मी ते वाचून डोळे मिटले आणि मला तो आवाज इथं ऐकू आला. तो श्वास घेतल्यासारखा. तू बरोबर लिहिलं आहेस, तसाच असतो.

तिथला एक म्हातारा धनगर तुला कधीपासून सांगत होता म्हणतोस की घळ ओलांडायची ती उन्हाआधी, नंतर नाही. आणि तू हसत होतास, कारण तुझ्या कानात माझा नियम होता. मीही हसलो असतो. आता त्या म्हाताऱ्या धनगराला माझा रामराम सांग. त्याला म्हणावं, कर्जतचा एक माणूस बर्फाची लादी उन्हात ठेवून तुझ्या शहाणपणाला पोचला.

तू शेवटी विचारलं आहेस, थट्टेनं की कसं ते कळलं नाही, लेखी थट्टेचा आवाज मला ऐकू येत नाही : 'दादा, तुझा धोंडा अजून उभा आहे का?'

उभा आहे.

काल गेलो होतो तिथं. एकटाच. जाताना वाटेत आठवत होतो, नऊ वर्षांपूर्वी आपण त्याला केव्हा ठोकला? पहाटे, हे तर खरंच. पण महिना कोणता? आषाढ होता, येसाजी. चार दिवसांची झड. तू डोक्यावर इरलं घेतलं होतंस, माझ्या मिशांतून पाणी गळत होतं, धोंडा शेवाळानं हिरवा आणि चिरांतून झरे. त्या दिवशी मी दगड ऐकला की पाणी ऐकलं? तुझा डोंगर गोठलेल्या पाण्यानं खोटं बोलला. आपला वाहत्या पाण्यानं बोलला असेल का? तू तेव्हा म्हणत होतास, "दादा, उघडीप होऊ दे, मग बघू." मला उघडीप दिसत नव्हती.

काल ऊन रणरणत होतं. डोंगर सुकून कोळसा झालेला. धोंड्याला हात लावला तर चटका बसला. खाली पुण्याची गाडी गेली, ती लांब जाईपर्यंत थांबलो. पाखरूही नव्हतं. मग ठोकला. एकदा वर, एकदा कुशीत, एकदा त्या चिरेपाशी जिथं मी तुझी पहार काढून घेतली होती.

काय म्हणाला ते मी ऐकलं. लिहिणार नाही. भागूला सांगितलं नाही, धोंडीला सांगितलं नाही. आई माझं तोंड बघून हसली, पण तिला काय, तिला न सांगता कळतं.

माझ्या कानावर तू का विश्वास ठेवावास? एकदा ठेवलास तेव्हा शिळेखाली मरत होतास. एकदा नाही ठेवलास तेव्हा घर सोडून गेलास. आता तूच ये आणि विचार. पाऊस लागायच्या आत नाही जमलं तर दिवाळीनंतर, गवत सुकल्यावर. तुझी पहार ओटीच्या कोपऱ्यात आहे, गंज चढू दिलेला नाही. तूच ठोक, मी लांब उभा राहीन आणि तोंड उघडणार नाही, हे बाजारात चारचौघांसमोर कबूल करतो. धोंडा पडला तर माझा, उभा राहिला तर तुझा. नाव काय ते लोक ठरवतील.

आई म्हणते, येताना दगड आणू नकोस, तुळशीला जागा उरली नाही.

ये. पण पहाटेच्या गाडीनं आलास तरी धोंड्यापाशी दुपारीच जाऊ.

तुझा,
ज्याला काही सांगायचं नाही तो दादा